तात्पुरत्या जोडणीला मुदतवाढ

"सांगतो, पण तुम्हाला खरं वाटणार नाही," असं आप्पा सुरुवातीलाच बजावत. ही त्यांची जुनी युक्ती. ऐकणाऱ्याला खरं वाटलं नाही, तर आप्पांचं भाकीत बरोबर ठरे. वाटलं, तर आप्पांची वाणी थोर ठरे. कसंही पडलं तरी आप्पा वरच.

त्या महिन्यात त्यांना विषयही तसाच मिळाला होता. इमारतीच्या जिन्याखाली, वीजमीटरांच्या फळीसमोर खुर्ची टाकून ते बसत. डावा हात पोटाशी धरलेला, डाव्या खांद्याखाली ताजी शिवण, आणि चेहऱ्यावर नुकताच जगप्रवास करून आलेल्या माणसाचं तेज.

"गळ्यातून वायर आत घातली. थेट काळजात! दुसरं टोक बाहेर, डब्याला. डब्यावर बटण. नर्सची पाठ वळली की मी ते हळूच फिरवायचो. साठ, सत्तर, ऐंशी! एकदा शंभराच्या पार नेलं, तर अख्ख्या वॉर्डाचे दिवे मंद झाले. मोठे डॉक्टर धावत आले. म्हणाले, आप्पा, जरा आमचं अर्थिंग बघून द्या, तुमच्याइतकं कळणारं इथे कोणी नाही."

"दिवे मंद झाले?" वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली.

"मंद."

"शपथेवर सांगाल?"

"आणा पुस्तक."

मग सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे वळत. वहिनी म्हणजे आप्पांची बायको. त्या दळणाचा डबा घेऊन जिना उतरत असत, नाहीतर चढत असत. "हो का हो, वहिनी?" कोणीतरी विचारी. वहिनी म्हणत, "त्यांनाच विचारा." लग्न झाल्यापासून हे एकच उत्तर. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला दंडक होता. आप्पांनी एकदा आपण वादळात विजेच्या खांबावर बसून रात्र काढल्याची गोष्ट सांगितली होती. ती रात्र त्यांनी पडसं झाल्यामुळे पांघरुणात काढली होती, आणि काढा वहिनींनीच दिला होता. तरीही त्या म्हणाल्या, "त्यांनाच विचारा." घरात दार लावल्यावरही बोलल्या नाहीत. फक्त चहात साखर जरा कमी पडली.

आता खरं काय घडलं ते. ते आप्पांच्या गोष्टीहून जास्त अविश्वसनीय आहे, म्हणूनच आप्पा ते सांगत नसत.

आप्पांची सगळी नोकरी वीज कार्यालयात, तात्पुरत्या जोडण्यांच्या टेबलावर गेली. बांधकामं, प्रदर्शनं, सर्कशी, निवडणुकीच्या सभा. ज्याला ज्याला थोड्या दिवसांपुरती वीज हवी, तो आप्पांसमोर उभा राही. या टेबलावरून आप्पांना जगाचं एक मोठं सत्य कळलं होतं. कायमच्या जोडण्या लोक तोडून घेतात, बदलतात, त्यांच्यावरून भांडतात. तात्पुरती जोडणी मात्र मुदतवाढीवर मुदतवाढ घेत तशीच राहते. एका गोदामाची तात्पुरती जोडणी आप्पा नोकरीला लागले तेव्हा चालू होती आणि निवृत्त झाले तेव्हाही चालू होती. गोदाम पडलं होतं.

हे सत्य एक दिवस त्यांच्याच घरात शिरलं. वहिनी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून दुसऱ्या गावी गेल्या. लेक नोकरी करणारी, जावई फिरतीवर. "बाळ बसायला लागलं की येते," म्हणाल्या. बाळ बसलं, रांगलं, पळायला लागलं; आता बूट घालून शाळेत जात होतं. मधूनमधून वहिनी येत, डबे घासत, पडदे धूत आणि परत जात. "राहा की तिकडे, मला काय!" असं आप्पा प्रत्येक फोनवर ठणकावून सांगत. शेजाऱ्यांना सांगत, "तात्पुरती गेलीय." आणि फोन ठेवल्यावर त्याच खुर्चीत बसून राहत. कारण तात्पुरत्याचं पुढे काय होतं, ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मग एके सकाळी पुढच्या खोलीतला दिवा बदलताना आप्पा स्टुलावरून खाली आले. उतरले नाहीत, आले. समोरच्या दारातल्या शिवणकाकूंनी मशीन थांबवून कानोसा घेतला आणि धावत येऊन पाहिलं, तर आप्पा जमिनीवर बसून भिंतीला सांगत होते, "फ्यूज गेलाय."

रुग्णालयात नाडी मोजणाऱ्या नर्सने दोनदा मोजली, मग दुसऱ्या नर्सला बोलावलं. ठोके इतक्या अंतराने पडत होते, की मधल्या काळात माणसाने वर्तमानपत्र उघडावं. लगेच छातीवर नि पाठीवर दोन मोठ्या चिकटपट्ट्या लागल्या आणि बाहेरूनच विजेचे झटके सुरू झाले. प्रत्येक झटक्याला आप्पा गादीवरून उडत. आयुष्यभर दुसऱ्यांना वीज देणाऱ्या माणसाला ती अशी परत मिळाली.

"हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचत नाहीये," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे पुरवठा आहे, मधली लाइन तुटलीय."

"तसंच समजा. आता गळ्याच्या शिरेतून एक वायर आत सोडतो. बाहेरच्या डब्यातून ठोके देऊ. हे तात्पुरतं हं."

'तात्पुरतं' हा शब्द ऐकून आप्पांना माहेरी आल्यासारखं वाटलं.

वायर बसली, झटके थांबले, आणि दुपारी वहिनी आल्या. हातात निळी बॅग, केस प्रवासात विस्कटलेले. आल्या आल्या त्यांनी आप्पांच्या गालावर हात फिरवला. "दाढी किती वाढलीय!" एवढंच म्हणाल्या.

आप्पांना वाटलं, आता आपली छाती धडधडणार. पण कसली धडधडते! डबा सत्तरवर लावलेला होता. सत्तर म्हणजे सत्तर. बायको आली काय नि भिंतीवर पाल आली काय, डब्याला एकच हिशोब. पडद्यावरची रेघ जराही वेडीवाकडी झाली नाही. इतक्या दिवसांनी ही अशी जवळ बसलीय आणि आपलं काळीज सरकारी कारकुनासारखं मान खाली घालून ठोके टाकतंय, याचं आप्पांना फार वाईट वाटलं. त्यांनी डब्याकडे रागाने पाहिलं. बटण फिरवण्याची बढाई पुढची. खरं तर त्यावर झाकण होतं, आणि झाकणावर नर्सची नजर होती.

निळी बॅग खाटेखाली गेली. वहिनी तिची चेन उघडत, कंगवा काढत, केस विंचरत आणि कंगवा परत बॅगेत ठेवून चेन लावत. टॉवेलचंही तेच. आप्पांना मान हलवायची मनाई होती, पण चेनचा आवाज ऐकू येई. उघडल्याचा आला की बरं वाटे. लावल्याचा आला की गळ्यातल्या वायरीशी काहीतरी टोचे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "वायर फार दिवस ठेवत नाहीत. जंतुसंसर्ग होतो, जागची हलते. परवा कायमचं यंत्र, पेसमेकर, बसवू. मग हे ठणठणीत आणि तुम्हीही मोकळ्या, बाई."

"मग रविवारच्या गाडीने जाता येईल मला?" वहिनींनी विचारलं. "नातवाची शाळा आहे."

आप्पांनी मनात हिशोब मांडला. तात्पुरतं होतं तोवर ही इथे. कायमचं झालं की ही तिथे.

अशा वेळी दुसरा माणूस म्हणाला असता, "अगं, जाऊ नकोस." तीन शब्द. पण आप्पांनी सगळी हयात लेखी अर्जांवर काढली होती. तोंडी मागणी त्यांनी स्वतः कधी मंजूर केली नव्हती. वहिनी चहाला गेल्या तसा त्यांनी भेटीला आलेल्या शिवणकाकूंकडून कागद मागून घेतला आणि उताणं पडल्या पडल्या, छताकडे बघत, वळणदार अक्षरात अर्ज लिहिला. विषय: तात्पुरत्या जोडणीस मुदतवाढ मिळणेबाबत. 'सदर जोडणी समाधानकारक चालू असून, कायमस्वरूपी जोडणीची अर्जदारास तूर्त निकड नाही. तरी कौटुंबिक अडचण लक्षात घेता मुदतवाढ मिळावी, ही विनंती.'

"कौटुंबिक अडचण कसली हो?" काकूंनी वाचून विचारलं.

"मसुद्यात लिहावं लागतं. तुम्ही फक्त खालच्या खिडकीत द्या, आणि आवकचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका."

जगात सर्वात भयंकर गोष्ट कुठली, तर बरोबर नमुन्यात लिहिलेला अर्ज. नुसती चिठ्ठी असती तर खालच्या खिडकीतल्या कारकुनाने केराच्या टोपलीत टाकली असती. पण विषय, संदर्भ, समास, खाली दोन रेघा. असा कागद पाहून त्याचे हात आपोआप शिक्क्याकडे गेले. शिक्का बसला. शिक्का बसल्यावर कागद कुठेतरी जावाच लागतो. तो विम्याच्या खिडकीत गेला. तिथल्या बाईंनी त्यातलं 'निकड नाही' एवढंच वाचलं आणि यंत्राची मंजुरी थांबवली. शस्त्रक्रियेच्या यादीतून आप्पांचं नाव उडालं, आणि डॉक्टर वॉर्डात आले ते लालबुंद होऊन.

"तुम्ही यंत्राला नकार दिलाय?"

"नकार नाही. मुदतवाढ."

"आप्पा, हे हृदय आहे, प्रदर्शनाचा मंडप नाही!"

बातमी इमारतीत पोचली आणि भेटीच्या वेळेत सल्ल्यांची रीघ लागली. वकील म्हणाले, "छान केलंत. कायमस्वरूपी काहीही बसवताना सगळ्या वारसांची संमती लागते." काकू म्हणाल्या, "माझ्या चुलतभावाला बसवलंय ना, तो अधूनमधून लाथ बसल्यासारखा उडतो. हातातला कप परवा खिडकीबाहेर गेला." ते ऐकून शेजारच्या खाटेवरचा रुग्ण आपलीही शस्त्रक्रिया नको म्हणू लागला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून अर्ज मागे घ्यायला काकू खाली गेल्या, तर कारकून म्हणाला, अर्जदाराने समक्ष यावं. अर्जदार तर डब्याला बांधलेले! आप्पांना मनातून त्या कारकुनाचा अभिमान वाटला. आपणही हेच म्हणालो असतो.

या सगळ्यात वहिनी खाटेशी बसून राहिल्या. रविवार टळला. आप्पा मनात खूश होते. मुदतवाढ मिळाली होती.

लगेच सोमवारी दुपारी वहिनी बाहेरच्या पॅसेजमध्ये फोनवर लेकीशी बोलत होत्या. आप्पांना 'तिकीट' हा शब्द ऐकू आला. पुढचं ऐकू येईना. म्हणून ते कोपरावर उठले आणि मान वळवून दाराकडे झुकले.

आत कुठेतरी वायरीचं टोक जागचं सरकलं. डबा इमानाने इशारे देत होता, पण ते घेणारं कोणी नव्हतं. पडद्यावर नुसत्याच उभ्या रेघा उमटू लागल्या, भोंगा वाजू लागला, आणि वॉर्डाचे दिवे मंद झाले.

हो, मंद झाले. आप्पांच्या गोष्टीतला तेवढा भाग खरा आहे. फक्त ते इतर कोणाला मंद दिसले नाहीत.

त्या अंधारात आप्पांना शेवटचं दिसलं ते दार, आणि दारातला वहिनींचा चेहरा. असा चेहरा त्यांनी कधीच पाहिला नव्हता. तिच्या हातातून फोन पडला. तिने तो उचलला नाही.

चिकटपट्ट्या पुन्हा लागल्या, झटके बसले, वायर जागेवर आली. शुद्धीवर आल्यावर आप्पा डॉक्टरांना म्हणाले, "कायमचं बसवा. जमलं तर आजच."

पण अर्ज? तो अजून जिवंत होता. शेवटी वकिलांनीच तोड काढली: अर्ज लिहिताना अर्जदार भानावर नव्हता, असं कुटुंबीयांनी लिहून द्यावं. वहिनींनी लिहून दिलं. आप्पांच्या आयुष्यातला सर्वात बिनचूक अर्ज भ्रमिष्टाचा म्हणून निकाली निघाला. छातीवरच्या जखमेपेक्षा ही जखम भरायला जास्त वेळ लागला.

यंत्र बसलं. काडेपेटीहून लहान, डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत. ते तपासणारी टेक्निशियन बाई तरुण आणि बोलकी होती. काकूंनी तिला चुलतभावाच्या लाथेबद्दल विचारलं. ती म्हणाली, "ते वेगळं यंत्र, मावशी. हृदय भरकटलं तर ते धक्का देतं. यांचं साधं आहे. हे आधी वाट बघतं. ठोका आपणहून आला, तर गप्प बसतं. नाहीच आला, तर हळूच आठवण करून देतं."

"आणि किती दिवस वाट बघतं?" आप्पांनी विचारलं.

"दिवस नाही हो! सेकंदभर."

आप्पांनी खांद्याखालच्या शिवणीकडे पाहिलं. यंत्र आपल्याहून हुशार आहे, त्यांना वाटलं. सेकंदभरातच बोलून टाकतं.

"महिन्याने तपासणीला या," ती म्हणाली, "तोवर डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही."

वहिनींनी तपासणीच्याच दिवसाचं तिकीट काढलं. म्हणजे एक महिना मिळाला. निळी बॅग आता घरी, दाराशेजारी होती. आप्पांनी यंत्रासोबत आलेली माहितीपुस्तिका पाठ केली आणि तिच्यातून एकेक कारण बाहेर काढू लागले.

"चहाचा डबा वरच्या फळीवर आहे. मला हात वर करता येत नाही. मी एकटा कसं करणार?"

वहिनींनी डबा खालच्या फळीवर आणला. मग साखरेचा. मग सगळेच.

"मोबाइल यंत्राजवळ धरायचा नाही, असं लिहिलंय. फोन कोण घेणार?"

वहिनींनी फोन उजव्या हाताच्या टेबलावर ठेवला आणि सगळ्या सदऱ्यांचे डावे खिसे काकूंकडून शिवून घेतले.

"माझं यंत्र काही म्हणालं, तर ऐकायला जवळ कोणी नको?"

काकूंना किल्ली दिली गेली. मशीनवर बसल्या बसल्या त्या रोज सकाळी ओरडत, "आप्पा, चालू आहात का?" आणि आप्पांना, सगळा जिना ऐकत असताना, "चालू आहे" म्हणून परत ओरडावं लागे.

हळूहळू आप्पांच्या लक्षात आलं, की आपण दाखवलेली प्रत्येक अडचण ही तिच्याशिवाय घर कसं चालेल, याची तयारी ठरतेय. फळ्या खाली आल्या. स्टूल काकूंकडे गेलं. घर एका माणसाच्या बेताचं होत गेलं. म्हणूनच ते दुपारी जिन्याखाली बसून वायरीच्या आणि मंद दिव्यांच्या गोष्टी सांगत, आणि वहिनी डबा घेऊन शेजारून गेल्या की आवाज चढवत. एकदा तरी तिने थांबावं. म्हणावं काहीतरी. पण वहिनी म्हणत, "त्यांनाच विचारा," आणि वर जात.

तपासणीचा दिवस आला. रुग्णालयातून परस्पर गाडीला जायचं, म्हणून निळी बॅग बरोबर होती. निरोपाला काकू आणि वकीलही आले होते. वकिलांना शिवाय आपला सल्ला कसा लागू पडला ते डॉक्टरांना ऐकवायचं होतं. डॉक्टर दाराशीच उभे होते. वहिनी खुर्चीत, मांडीवर बॅग. आप्पा खाटेवर, सदऱ्याची बटणं उघडी. टेक्निशियन बाईने त्यांच्या खांद्यावर एक चकती ठेवली आणि ती समोरच्या पडद्याकडे पाहू लागली.

"यंत्र झकास आहे. आता मी ते थोडं मागे घेते हं, काका. तुमचं हृदय स्वतः काय करतंय ते बघायचंय. चक्कर आली, अंधारी आली, तर लगेच सांगायचं."

"घ्या की मागे," आप्पा म्हणाले. "एकटं राहायची सवय आहे त्याला."

"साठ... पन्नास... बरं वाटतंय?"

"मजेत."

"चाळीस."

पडद्यावरच्या टेकड्यांमधलं अंतर वाढत गेलं. आप्पांच्या उजव्या हाताने खाटेची कड धरली. ओठ पांढरे पडले. खोलीतला दिवा पुन्हा मंद होऊ लागला होता. त्या मंद उजेडात त्यांना फक्त एक निळी बॅग आणि तिच्यावरची दोन बोटं दिसत होती. बोटं चेनशी चाळा करत होती.

"काका? काही होतंय का?"

"छे!" आप्पा म्हणाले. आवाज लांबून आल्यासारखा येत होता. "काही होत नाही. आटपा लवकर, हिची गाडी चुकेल. जाऊ दे तिला. मी एकटा मजेत असतो. मला काही... काही फरक पडत नाही."

बॅग धाडकन जमिनीवर पडली. वहिनी उभ्या राहिल्या होत्या. डॉक्टर, वकील, काकू, टेक्निशियन बाई, सगळ्यांसमोर, बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"खोटं! साफ खोटं बोलताहेत हे!"